राघवाच्या तुरुंगातली नाचणी

लंका जिंकून अयोध्येला निघालेला राम वाटेत एका आश्रमात उतरतो. ऋषींनी तऱ्हेतऱ्हेच्या धान्यांचे पदार्थ केलेले असतात. जेवणं होतात आणि प्रश्न निघतो, यांतलं श्रेष्ठ धान्य कोणतं? कुणी गव्हाचं नाव घेतं, कुणी भाताचं. गौतम ऋषी मात्र नाचणीची बाजू घेतात आणि वादाला तोंड फुटतं. भात चवताळतो. आपण कुठे, ही हलक्या लोकांच्या पोटात जाणारी काळी नाचणी कुठे! नाचणीही काही कमी नाही. तू श्रीमंतांचा सोयरा, गरिबाकडे ढुंकून पाहत नाहीस, असं ती त्याला तोंडावर सुनावते. प्रकरण हातघाईवर आल्यावर राम दोघांनाही सहा महिने कोठडीत टाकायला सांगतो. मुदत संपते तेव्हा भाताचा पार कस गेलेला असतो. नाचणी मात्र जशीच्या तशी टणक. मग राम तिला राघव हे आपलंच नाव बहाल करतो. कन्नडमधलं रागी हे नाव त्यावरूनच पडलं, असं कथा सांगते.

ही कथा सोळाव्या शतकातल्या कनकदासांच्या ‘रामधान्यचरित्रे’ या कन्नड काव्यातली. कनकदास कुरुब, म्हणजे मेंढपाळ समाजातले. हावेरी जिल्ह्यातलं कागिनेले ही त्यांची कर्मभूमी. उडुपीच्या कृष्णमंदिरात त्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा भिंतीला भगदाड पडून मूर्ती त्यांच्याकडे वळली, ही आख्यायिका कर्नाटकात पोराटोरांनाही ठाऊक असते. देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने भात आणि नाचणी यांचं भांडण लिहिलं, तर ते नुसतं धान्यांचं भांडण नाही हे वेगळं सांगायला नको.

शेतीच्या अंगाने पाहिलं तरी कोठडीतली परीक्षा खरी आहे. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, तेलाचा अंश कमी, त्यामुळे नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षं किडीला दाद देत नाही. जुन्या म्हैसूर मुलखात ती जमिनीतल्या पेवांमध्ये साठवून दुष्काळासाठी राखून ठेवत. कॅल्शियमचं म्हणाल, तर १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पांढरा तांदूळ त्याच्या पासंगालाही पुरत नाही. गंमत म्हणजे रामाचं नाव मिरवणारं हे धान्य मूळचं पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ भागातलं. काही हजार वर्षांपूर्वी ते इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. पुढे विसाव्या शतकात मंड्याच्या व्ही. सी. फार्मवर लक्ष्मणय्या या संशोधकांनी भारतीय आणि आफ्रिकी वाणांचा संकर करून ‘इंडाफ’ जाती काढल्या. लोक लक्ष्मणय्यांना ‘रागी ब्रह्मा’ म्हणू लागले.

कनकदासांच्या कथेत एक अडचण मात्र राहते. सहा महिने अंधारात राहूनही नाचणी टिकली, तेव्हाच तिची लायकी सिद्ध झाली होती. मग वर राजाच्या नावाचं बिरुद कशाला? वस्तूचं मोल तिच्यातच असतं की कुणीतरी मोठ्याने शिक्का मारल्यावर येतं, हा तत्त्वज्ञानातला जुना तंटा. कनकदास त्याचं उत्तर दोन्हीकडून देतात: मोल तिचं स्वतःचं, पण ते लोकांना दिसावं म्हणून रामाचा दरबार हवा. हे उत्तर व्यवहारी आहे, आणि थोडं दुखरंही.

दरबार आजही भरतोच. २०१८ साली केंद्र सरकारने भरड धान्यांना ‘पोषक धान्यं’ असा दर्जा दिला; २०२३ च्या अर्थसंकल्पात ती ‘श्रीअन्न’ झाली आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं केलं. बेंगळुरूच्या दुकानांत आता नाचणीच्या कुकीज आणि चिप्स रुबाबात मांडलेल्या असतात. गरिबाच्या धान्याला मान मिळाला आणि मानाबरोबर किंमतही चढली. सुट्या नाचणीच्या मानाने त्या पाकिटाचा भाव काढून पाहिला, तर भाताने केलेली टवाळी परवडली असं वाटावं.

मराठी घरांत या प्रश्नाला वेगळं वळण आहे. विदुराघरच्या कण्या आणि सुदाम्याचे पोहे ऐकताना कीर्तनात डोळे पाणावतात, पण सत्यनारायणाला प्रसाद होतो तो रवा, साखर, तूप सव्वाच्या मापाने घेऊन केलेल्या शिऱ्याचाच. त्या ताटात कण्या ठेवायला कुणी धजावत नाही. उलट चंपाषष्ठीला खंडोबापुढे भरीत-रोडगा निमूट जातो आणि भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी हवीच. म्हणजे देवाला भरड धान्याचं वावडं नाही. कोणत्या देवाला कोणतं, हे माणसांनी आपापसातल्या उतरंडीवरून ठरवलं. उपवासाचं तर विचारूच नये. वरी चालते; नाचणी बहुतेक घरांत चालत नाही, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचा, सेलमच्या कारखान्यांत तयार होणारा, जवळजवळ निव्वळ पिष्ट असलेला साबुदाणा एकादशीला बिनदिक्कत पानात पडतो.

बेंगळुरूचा बसव, म्हणजे नंदी, याबाबतीत जास्त मोकळा म्हणायचा. बसवनगुडीतल्या दोड्ड बसवण्णाच्या देवळाशी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी ‘कडलेकाई परिषे’, म्हणजे शेंगांची जत्रा भरते. आख्यायिका अशी, की सुंकेनहळ्ळी आणि आसपासच्या गावांतल्या भुईमुगाची एक बैल रात्री नासाडी करी. चिडलेल्या शेतकऱ्याने त्याला सोटा हाणला आणि बैल तिथेच दगड होऊन बसला. पश्चात्तापाने लोकांनी पहिल्या पिकाच्या शेंगा त्याला वाहायला सुरुवात केली. आज त्या गावांत भुईमुगाचं रोपही दिसत नाही, सगळी घरंच घरं झाली आहेत. तरी आसपासच्या जिल्ह्यांतून पोती येतात, बुल टेम्पल रोडच्या दुतर्फा ढीग लागतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या, हव्या तशा शेंगा घ्याव्यात. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे तसा कालपरवाचाच पाहुणा. पण त्याला नैवेद्यात बसवताना कुणी पोथी उघडली नाही. शेतात पिकलं आणि माणसांनी खाल्लं, एवढी पात्रता पुरेशी ठरली.

पाकिटातली नाचणी परवडत नसेल तर घरी स्वस्तात काय करावं, याला जुन्या म्हैसूरकडचं उत्तर हुरिहिट्टू हे आहे. नाचणीवर पाण्याचा हबका मारून ती काही तास झाकून ठेवायची. लोखंडी कढई सणसणीत तापली की मूठभर दाणे टाकून फडक्याच्या बोळ्याने भराभरा फिरवायचे. तडतड सुरू होते आणि तांबूस दाण्यातून पांढरी, चिमुकली लाही डोकं वर काढते. सगळे दाणे फुलत नाहीत. न फुललेलेही खरपूस भाजले जातात, टाकायचे नाहीत. हे सगळं दळलं की पीठ तयार. ते आधीच भाजलेलं असल्याने पुन्हा शिजवायची गरज नाही: गूळ, ओलं खोबरं आणि वेलदोडा घालून कालवा, नाहीतर ताक, मीठ, जिरं घालून प्या. तूप परवडत असेल तर लाडू वळा. गॅस सोडला तर खर्च तो काय? मूठभर नाचणी आणि गुळाचा खडा.

हा ‘काय’ मात्र जरा तपासून घ्यायला हवा. हुरिहिट्टूऐवजी मोड आणलेल्या नाचणीचं पीठ करायचं तर भिजवणं, पुरचुंडी बांधणं, सावलीत वाळवणं, भाजणं, दळणं यांत दोन-तीन दिवस जातात. घरचं ते स्वस्त म्हणताना बहुधा कुणाच्यातरी वेळाची किंमत शून्य धरलेली असते आणि ती व्यक्ती बहुधा घरातली बाई असते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी करतात. बैलाच्या घामाचा असा विचार करणारी व्रतं विरळाच. पण ते व्रत बायकांचं आणि त्या दिवशीची निवडानिवडही बायकांचीच. तिच्या कष्टाचं खायचं नाही, असा दिवस पंचांगात नाही.

बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे कर्नाटकातल्या शिवभक्त संतांनी, श्रमाच्या या बाजूने विचार केला होता. कायक, म्हणजे स्वतःच्या श्रमाचं काम हीच पूजा, आणि त्यातून आलेलं वाटून खाणं म्हणजे दासोह. कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, मारय्या नावाचा शरण सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर दासोह चाले. एकदा त्याने रोजच्यापेक्षा जास्त आणले. बायको लक्कम्मा म्हणाली, ही हाव कुठून शिरली? आपल्याला लागतील तेवढेच ठेवा, उरलेले नेऊन टाका. तो गेला आणि टाकून आला. लक्कम्मा स्वतः वचनकार, म्हणजे भक्तिपर वचनं रचणारी. तिची वचनं आजही वाचली जातात. कनकदासांच्या कथेत धान्याचा निवाडा राजाने केला. इथे तो चुलीपाशी बसलेल्या बाईने केला आणि कोणतं धान्य थोर याची चौकशी तिला करावीशीही वाटली नाही. तिने पाहिलं ते फक्त माप.

नाचणीच्या बाबतीत हे माप शब्दशः लागू पडतं. कोठडीत टिकतो तो अख्खा दाणा. पीठ झालं की त्याचं आयुष्य आखूड, जुनं झालं की ते कडवट लागतं आणि मग मुलं त्या लाडवाला हातही लावत नाहीत. म्हणून दाणे डबाभर ठेवावेत, भाजावेत आणि दळावेत ते पंधरा दिवसांत संपतील एवढेच. भाजताना कढईपाशी घरातले आणखी दोन हात बोलवावेत.