परसातलं तळं

आमच्या परसात एक तळं आहे. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, मधोमध अडीच फूट खोल. तळं म्हणजे काय, मोठा खड्डाच. पण गावात त्याला आण्णाचं बेडूकतळं म्हणतात आणि शाळेची पोरं मास्तरांबरोबर बघायला येतात. येणारा जाणारा विचारतो, "आण्णा, हे सुचलं कसं तुम्हाला?" मी सांगतो, "पाखरांसाठी केलं." हे निम्मं खरं आहे. राहिलेलं निम्मं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, घरच्यांनाही धड नाही. ते इथं लिहून टाकतो.

आमचा मुलूख माणदेश. पाऊस पडला तर पडला, नाहीतर आभाळाकडं बघत बसायचं. डाळिंबाची बाग जगवायची तर पाणी साठवायलाच हवं. 2016 साली सरकारनं मागेल त्याला शेततळं ही योजना आणली, त्यात पुढच्या वर्षी मीही शेततळं घेतलं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. खोदाईला अनुदान मिळालं, कागदाचा खर्च पदरचा. कागद म्हणजे ते जाड काळं प्लास्टिक, पाचशे मायक्रॉनचं. तो अंथरला नाही तर आमच्या मुरमात पाणी चार दिवस टिकत नाही. भरलं की वीस-बावीस लाख लिटर पाणी मावतं. पहिल्यांदा भरलं तेव्हा मी आणि मालकीण बांधावर बसून नुसतं बघत होतो. मी 72 च्या दुष्काळात बारा वर्षांचा होतो, खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जाऊन सुकडी खाल्लेला माणूस. एवढं पाणी आपल्या नावावर आहे हे मनाला पटायला दिवस लागले.

2019 चा उन्हाळा आला. आधीचा पाऊस गेलेला, ओढा कधीच आटलेला, वनखात्याच्या रानातले पाणवठेही कोरडे. एप्रिलात एक दिवस सकाळी मोटर सुरू करायला गेलो तर शेततळ्यात काहीतरी तरंगत होतं. आधी वाटलं पोतं असेल. काठीनं जवळ ओढलं तर खोकड. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कोल्ह्याहून लहान, मांजराहून थोडं मोठं, शेपटीचं टोक काळं. उंदीर, टोळ, बोरं खाऊन राहणारं गरीब जनावर. रातचं पाणी प्यायला उतरलं असणार. उतरताना कागदावरून घसरलं आणि वर येता आलं नाही.

मेलेली जनावरं मी शेतकरी माणूस, आयुष्यभर बघितलेली. पण मी बांधावरून फिरलो तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढनं जात नाही. पाणी उतरलं की कागदावर हात-दीड हात उंचीपर्यंत धुळीचा आणि शेवाळाचा वाळका थर राहतो. त्या थरात नखांच्या रेघा होत्या. एका जागी नाही. चारी बाजूंना, कोपऱ्या कोपऱ्यात. म्हणजे त्या जनावरानं पोहत पोहत सगळं तळं फिरून बघितलं होतं, कुठं तरी चढायला मिळंल म्हणून. किती वेळ लागला असेल, रात्र सगळी गेली असेल का, याचा मी नको तितका विचार केला.

खोकड बांधाच्या पलीकडं पुरलं. घरी सांगितलं, कुत्रं पडलं होतं. का सांगितलं तसं, माहीत नाही.

त्यानंतर महिन्याभरात मी परसात तळं खोदायला घेतलं. शेततळ्याच्या कागदाचा एक तुकडा गोठ्याच्या माळ्यावर पडून होता. खाली बारीक मुरूम, त्यावर जुनी पोती, त्यावर तोच कागद आणि कागदावर वीतभर माती आणि ओढ्यातले गोटे. तीन बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या ठेवल्या आणि एक बाजू अशी उतरती केली की कोंबडीचं पिल्लू चालत आत जाईल आणि चालत बाहेर येईल. झाडाखाली नाही खणलं, पाला पडून पाणी कुजतं. ओढ्याच्या डोहाकडचा लव्हाळा मुळासकट आणून कडेला लावला. जन्मभर रानातनं लव्हाळा उपटत आलेला माणूस लव्हाळा लावतोय म्हणून मालकीण हसली. पानकणीस नको होतं, ते सगळं पाणी खातं, पण तेही मातीबरोबर आलंच.

आणि मग जे होत गेलं त्यात माझं काही नाही. आठवड्याभरात पाण्यावर चालणारे किडे आले. ते कुठनं येतात देव जाणे. चतुर आले. साळुंक्या, होले, बुलबुल उतरत्या बाजूनं येऊन अंघोळ करायला लागले. दुपारच्या उन्हात मधमाश्या ओल्या मातीवर बसून पाणी ओढायच्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रातभर असा गलका झाला की सुनेला वाटलं शेजारी भांडण लागलंय. सकाळी बघतो तर हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे बेडूक. माझ्या लहानपणी असे बेडूक ढिगानं असायचे. मधल्या काळात औषधफवारण्या वाढल्या तसे दिसायचेच बंद झाले होते. हे एवढे दिवस कुठं दडून होते?

नावं ठेवणारे होतेच. आरोग्याच्या बाईंनी डासांचा धाक घातला. पण चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, तो त्रास झाला नाही. एक तात्या मात्र तोंडावर बोलले, "माणसास्नी टँकर आन् बेडकास्नी तळं. चांगला न्याय हाय." हे मला लागलं. मी बसून हिशोब केला. कडक उन्हात माझ्या परसातल्या तळ्यातनं दिवसाला चार-पाच घागरी पाणी उडून जातं. आणि तिकडं शेततळं भरलेलं असलं तर त्यातनं नुसत्या उन्हानं दिवसाला सात-आठ हजार लिटर उडतं, म्हणजे लहान टँकरभर. ते कुणी बोललं नाही, कारण ते डाळिंबाचं पाणी. तात्यांचंही शेततळं आहे. पण मी त्यांना हा हिशोब सांगितला नाही. चार घागरींचा का होईना, प्रश्न त्यांनी विचारला होता तो खराच होता. त्या उन्हाळ्यात आमच्या हापशावर बायका तासतास उभ्या होत्या. परसातलं तळं भरायच्या आधी शेजारच्या चार घरांना बोअरचं पाणी द्यायचं, एवढं मी तेव्हापासून पाळतो.

तर तळ्याचं नाव झालं. हरिनाम सप्ताहात कीर्तनकार बुवांनी नाथमहाराजांची गोष्ट लावली, काशीहून रामेश्वराला न्यायची कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली ती. आणि बुवा म्हणाले, आपल्या गावातही असा एक माणूस आहे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होतो. लोकांना वाटलं लाजला. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. नाथांनी ज्याला पाणी पाजलं ते गाढव उन्हानं पडलं होतं, नाथांनी पाडलं नव्हतं. माझं तसं नव्हतं. मी एका जागी जीव घेतला होता आणि दुसऱ्या जागी पाणी पाजत होतो. आणि ज्याला पाजत होतो ते ते नव्हतंच. बुलबुलाला खोकडाशी काय देणंघेणं?

तुम्ही म्हणाल, तू कुठं घेतलास जीव? ते आपल्या पायानं आलं. हे मीही मनाला पुष्कळ सांगितलं. पण मग वडील आठवतात. आमची जुनी विहीर होती, शेजारी जनावरांसाठी दगडाची डोण. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की वडील बाभळीचं एक लांब खोड फांद्यांच्या खुंटांसकट विहिरीत तिरकं सोडून ठेवायचे. मी एकदा विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "खार पडंल, मुंगूस पडंल. चढाय नगं?" बस, एवढंच. त्यांना ते सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं. म्हणजे मला हे माहीत होतं. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून माहीत होतं. शेततळ्याचा कागद अंथरताना मी सांधे तपासले, भोकं तपासली, लिटरचा हिशोब केला, आणि ते खोड काही आठवलं नाही. माहीत नसलेल्या माणसाकडनं झालं तर ती चूक म्हणावी. माहीत असून आठवलं नाही, त्याला काय म्हणायचं?

परसातल्या तळ्यातही मरणं आहेतच. दुसऱ्या पावसाळ्यात विरोळा आला. बिनविषारी, पाण्यातला साप. सुनेनं दोन दिवस परसाचं दार उघडलं नाही. त्यानं एक बेडूक मागच्या तंगडीला धरला आणि तो बेडूक जे ओरडला ते ऐकून नातू माझा हात ओढायला लागला, "आजोबा, सोडवा की त्याला!" मी नाही सोडवला. नातू रुसला, म्हणाला तुम्हीच तळं केलं म्हणून तो इथं आला. पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. पण मला त्या बेडकाचं खोकडासारखं लागलं नाही आणि का लागलं नाही याचा मी विचार केला. बेडकाला पळायला पाणी होतं, लव्हाळा होता, चारी बाजू मोकळ्या होत्या. दहांतले नऊ निसटतात. विरोळ्यालाही उपाशी राहावं लागतं. तिथं दोघांना वाट होती. शेततळ्यात खोकडाला वाट नव्हती आणि वाट न ठेवणारा मी होतो. कागद तर दोन्हीकडं एकच.

आता जे सांगायचं ते सांगतो. परसातलं तळं झालं, नाव झालं, कीर्तनात गाजलं, पण शेततळं जसंच्या तसं होतं. कुंपण करीन म्हणत होतो, डाळिंबाचं बिल आलं की करीन म्हणत होतो. आणि 2020 च्या फेब्रुवारीत त्यात कोकरू पडलं. दर साली आमच्या रानात मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगराचं, दीड महिन्याचं. तो आणि मी दोघांनी मिळून बाहेर काढलं. मी म्हणालो, "किंमत सांग." तो म्हणाला, "आण्णा, तुमची काय चूक? ध्यान माझंच न्हवतं." मी बळंच त्याच्या मुंडाशात पाच हजार खोवले. त्यानं नको नको म्हणत घेतले, आणि मला हलकं वाटलं. अगदी खरं सांगतो, हलकं वाटलं.

त्याच दिवशी तालुक्याला जाऊन नायलॉनचा दोर आणला. चारी बाजूंना दोन-दोन, हातभर अंतरावर गाठी मारून, वर बांधावर लोखंडी खुंट्यांना बांधून पाण्यात सोडले. दोरांच्या मध्ये जुन्या ठिबकच्या नळ्यांची आणि पोत्यांची शिडी विणून टाकली. जनावराची नखं पोत्यात रुततात. सगळा खर्च अठराशे रुपये आणि दोन माणसांचा एक दिवस. परसातल्या तळ्यावर मी पंधरा दिवस राबलो होतो.

रात्री झोप आली नाही. खोकड मेलं तेव्हा मी तळं केलं, दोर नाही बांधला. कोकरू मेलं तेव्हा दोर बांधला. का? कोकराला मालक होता. तो माझ्यापुढं उभा होता, त्याच्या डोळ्यांत बघावं लागलं. खोकडाचं कुणी आलंच नाही. कुणी काही मागितलं नाही, म्हणून काय द्यायचं ते मी माझं मीच ठरवलं आणि मला जे आवडलं ते दिलं. चिमण्या, बेडूक, पोरांची सहल, माझं नाव. अठराशे रुपयांचं जे खरं देणं होतं त्याला दहा महिने लागले. मालकिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढा विचार करू नका, तळं पुण्याचंच हाय की." असेल. पाखरांना ते कशापायी खणलं याच्याशी काही कर्तव्य नाही. ती रोज येतात. मीही रोज सकाळी चहा घेऊन तिथं बसतो, पण आधी शेततळ्याला एक चक्कर मारतो, दोर बघतो, मग बसतो.

आमच्या शिवारात कागदाची शेततळी बरीच आहेत. मी सगळ्यांना सांगितलं. काहींनी दोर टाकले, एकानं जुन्या टायरांची शिडी केली, ती माझ्याहून चांगली झालीय. एकानं विचारलं, "आण्णा, त्याला अनुदान हाय का?" आणि तात्यांनी नुसतं ऐकून घेतलं. तीनदा सांगून झालं. गेल्या आठवड्यात त्यांच्या बांधावरनं येताना डोकावलो, तर धुळीच्या थरात कसल्या तरी रेघा होत्या. नखांच्याच असं म्हणत नाही, झाडाची फांदीही घासली असेल. शंभर फूट दोर आणून मी घरात ठेवलाय, गाठी मारून. दुसऱ्याच्या रानात न विचारता जाऊन बांधावा का, हे अजून ठरत नाही.