कसा आणि कोणाचा

पाठशाळेत गुरुजींनी विशेषणाचा धर्म शिकविला. विशेष्याचे जे लिंग, वचन, विभक्ती, तेच विशेषणाचे. संस्कृतात 'सुन्दरेण बालेन' म्हणताना प्रत्यय दोघांनाही लागतो. आपली मराठी त्याहून नम्र. 'चांगल्या मुलाने' म्हणताना 'ने' गेला मुलाकडे. 'चांगला' बापडा नुसता वाकून 'चांगल्या' झाला. मान नामाचा, वाकणे विशेषणाचे!

पण सगळीच विशेषणे वाकत नाहीत. हुशार मुलगा, हुशार मुलगी, हुशार मुलाने. नाम कितीही पालटो, हे आपले ताठच. 'श्रीमंत' तसेच, 'विद्वान' तसेच. आणि 'गरीब'ही त्याच पंक्तीत बसते बरे का! गरिबीचाही ताठा असू शकतो.

आता माझीच गोष्ट सांगतो. आम्हां कीर्तनकारांच्या नावाआधी 'ह. भ. प.' लावतात. हरिभक्तपरायण, म्हणजे तेही विशेषणच, आणि न वाकणारे! एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. फलकावर पाहतो तो नुसते नाव. मन खट्टू झाले. कीर्तनात नाममहिमा सांगत होतो, पण चित्त फलकावर. नाम शाबूत होते, विशेषण तेवढे गळाले होते. आणि व्याकरण शिकलेला मी विशेषणासाठी झुरत होतो.

दुसऱ्या दिवशी काल्याच्या पंगतीत एक म्हातारी कडेला बसली होती. वाढणाऱ्या पोराने विचारले, "आजी, तुम्ही कुणाच्या?" ती म्हणाली, "इठ्ठलाची बाबा, आणिक कुणाची?" माझा घास हातातच राहिला.

'कसा?' या प्रश्नाचे उत्तर गुणविशेषण देते. तरुण, सशक्त, श्रीमंत. ती सारी आज आहेत, उद्या नाहीत. 'कोणाचा?' याचे उत्तर षष्ठीचे रूप देते, आणि तेही विशेषणाचेच काम करते. विठ्ठलाचा दास, विठ्ठलाची दासी, विठ्ठलाचे लेकरू, विठ्ठलाच्या दासाला. हा 'चा' प्रत्येकापुढे वाकतो.

आणखी एक मौज पाहा. 'विठ्ठल' या नामाला 'चा' एकदम चिकटत नाही. आधी 'विठ्ठल'चा 'विठ्ठला' व्हावा लागतो. यालाच सामान्यरूप म्हणतात. म्हणजे भक्ताला आपला म्हणण्यासाठी देवानेही आपले मूळ रूप सोडले, तो सामान्य झाला! मग आपण 'ह. भ. प.'साठी ताठून कसे चालेल?

आषाढीच्या वाटेवर मागचा पुढच्याला 'माउली' म्हणून हाक मारतो. तो कसा आहे, हे विचारीत नाही. कोणाचा आहे, हे त्याला ठाऊक असते. तेव्हा बाबांनो, लोकांनी लावलेली विशेषणे लोकांपाशीच राहू द्या. आपण एवढेच एक जपावे, विठ्ठलाचा.

रामकृष्ण हरी.