तलाव गोठला नाही, अशी नोंद

बर्फ म्हटला की आमच्या वर्गातल्या मुलांना मासळीची पेटी आठवते. कोकण किनाऱ्यावरच्या उर्दू शाळेत भूगोल शिकवताना 'थंड देशांत तलाव गोठतात' हे वाक्य आम्ही दरवर्षी उच्चारतो आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो : मग मासे मरत नाहीत का, सर? आम्ही सांगतो, पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. ते तळाशी जाते, त्याहून थंड पाणी हलके होऊन वर राहते. म्हणून बर्फ आधी वर जमतो आणि खाली मासे जगतात. मुले मान डोलावतात. सांगणारा शिक्षकही गोठलेल्या पाण्यावर कधी उभा राहिलेला नाही, हे त्यांना ठाऊक नसते.

या धड्याच्या तयारीत जपानमधल्या सुवा तलावाची हकीकत आमच्या वाचनात आली आणि ती आम्हाला सोडीना. नागानो प्रांतात, समुद्रसपाटीपासून ७५९ मीटर उंचीवर हा तलाव आहे. कडक हिवाळ्यात तो काठोकाठ गोठतो. रात्रीच्या थंडीने बर्फ आकसतो, त्याला भेगा पडतात, भेगांत पाणी शिरून तेही गोठते. दिवसा ऊब लागली की बर्फ पसरू पाहतो, पण पसरायला जागा नसते. मग मोठा आवाज करीत तो भेगेवर उचलला जातो आणि तलावावर लांबच लांब बर्फाचा बांध उभा राहतो. तिथले लोक त्याला 'ओमिवातारी' म्हणतात, म्हणजे देवाचे पार जाणे. दक्षिणेकडच्या मंदिरातला देव उत्तरेकडच्या मंदिरातल्या आपल्या पत्नीला भेटायला बर्फावरून चालत गेला, त्याची ही खूण. तीवरून पुजारी येत्या पिकाचे भाकीत करीत. तलाव कधी गोठला, खूण कधी उमटली, हे तिथे १४४३ पासून लिहून ठेवले जात आहे.

ही श्रद्धा आमची नव्हे. पण त्या वह्यांपुढे आम्ही अदबीने उभे आहोत. पहिल्या अडीचशे वर्षांत तलाव गोठला नाही असे हिवाळे फक्त तीन. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत बारा. पुढच्या दहाच वर्षांत पाच. बर्फाचा बांध शेवटचा उमटला तो २०१८ साली; २०१९ ते २०२५ असे सलग सात हिवाळे तो आला नाही. तरीही जानेवारीच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत यात्सुरुगी मंदिराचे पुजारी आणि गावकरी रोज पहाटे काठावर जातात, पाणी मोजतात, आणि हंगाम सरला की जाहीर करतात : 'आके नो उमी', उघडा समुद्र.

खूण उमटली असे लिहायला आनंदच वाटत असेल. ज्याला देव यावा असे मनापासून वाटते, त्यानेच यंदा देव आला नाही असे लिहावे, याला इमान लागते. एखादी बारीकशी भेग पाहून 'आला' असे लिहिले असते तर गावाने हरकत घेतली नसती.

दुसरी अशी वही दूर उत्तर युरोपातली, फिनलंड आणि स्वीडनच्या सीमेवरच्या तोर्ने नदीची. ओलोफ आल्बोम नावाच्या व्यापाऱ्याने १६९३ पासून नदीचा बर्फ कोणत्या दिवशी फुटतो हे लिहायला घेतले. मध्ये युद्ध झाले. १७१५ ते १७२१ ही वर्षे वहीत रिकामीच आहेत. पुजाऱ्याला व्यापारी माहीत नव्हता, दोघांना आपण हवामानाची साक्ष देत आहोत हेही माहीत नव्हते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा दिसले की कारखान्यांचे युग आल्यावर तलाव गोठणे उशिरावर गेले आणि नदीचा बर्फ फुटणे अलीकडे आले, तेही पूर्वीपेक्षा झपाट्याने. सुवाच्या मधल्या काळातल्या नोंदींवर मात्र त्यांना तेवढा भरवसा ठेवता आला नाही, कारण नोंदीची पद्धत सारखी राहिली नव्हती.

हे वाचून आम्ही जरा चपापलो. आमच्या शाळेत पर्जन्यमापक आहे. एका जुलैत शनिवारी आम्ही गावी गेलो आणि रविवारचीही नोंद राहिली. सोमवारी भांड्यात तीन दिवसांचे पाणी एकत्र साचलेले. आम्ही ते अंदाजाने तिन्ही दिवसांत वाटून तक्त्यात भरले. एकूण बेरीज बरोबर आहे, अशी मनाची समजूत घातली. मुलांनी त्यावरून आलेखही काढला, आणि आम्ही त्याला गुण दिले.

आमचे एक सहकारी म्हणाले, "लिहून काय होणार, मास्तर? वही लिहिल्याने तलाव गोठतो का?" गोठत नाही, हे खरे. पण त्यांच्या प्रश्नापेक्षा आम्हाला दुसराच प्रश्न जड जातो. आपल्याकडे साक्षीदार आदिल असावा अशी अट आहे, ज्याचे वागणे सरळ आहे असा. सुवाच्या काठावर पहाटे उभा राहणारा माणूस मोटारीने येत असेल, घरी शेगडी पेटवीत असेल. आम्ही शाळेत मोटारसायकलने जातो. हवेत धूर सोडणाऱ्यांत आम्ही आहोत, आणि तक्ता लिहिणाऱ्यांतही आम्हीच. कमी धूर कोणाचा, जास्त कोणाचा, हा हिशेब जरूर व्हावा; त्यात अमीर मुलुखांची बाकी फार मोठी निघेल. पण गुन्ह्यात ज्याचा थोडा का होईना हात आहे, त्याची गवाही चालेल का? चालू नये म्हटले, तर काठावर उभे राहायला पृथ्वीवर माणूस उरणार नाही. चालावी म्हटले, तर निदान त्याने आपले नावही साक्षीत घालावे, असे आम्हाला वाटते.

जुलैचा तो तक्ता अजून शाळेच्या कपाटात आहे. गेल्या आठवड्यात आम्ही तो काढला आणि त्या तीन आकड्यांपुढे लाल शाईने 'अंदाज' असे लिहून खाली सही केली. सातवीतल्या एका मुलीने विचारले, सर, मग आमचे गुण कमी होणार का?