का सोडलं, हे कोण विचारतं?

आरोग्याचं नवं ॲप घेतलं की पहिले काही दिवस उत्साहात जातात. पावलं मोजली जातात, साखरेचे आकडे न चुकता भरले जातात. मग नोंदी विरळ होतात आणि एक दिवस थांबतात. घरचे म्हणतात, ‘चिकाटी नाही, दुसरं काय!’ हा निवाडा मला घाईचा वाटतो, आणि अन्यायाचाही.

सिंगापूरमध्ये 13 संस्थांमधल्या 800 नोकरदारांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. काहींना नुसतं पावलं मोजणारं फिटबिट दिलं, काहींना त्याच्या जोडीला चालण्याबद्दल रोख पैसे. पैसेवाला गट सहा महिने चांगला चालला. मग बक्षीस थांबलं. वर्षअखेरीस त्या गटाचं चालणं मूळ पदावर आलं होतं, आणि यंत्र अंगावर वागवणारे दहात जेमतेम एक उरले होते. पैशानं पाय हलले, पण चालायचं कशासाठी, हे ज्याचं त्याला सापडलं नाही.

आणि ॲप समोर ठेवतं ते लक्ष्य तरी कुणाचं? दिवसाला 10,000 पावलं हा आकडा 1965 साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. 2019 च्या एका अमेरिकी अभ्यासात वयस्क स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण 4,400 पावलांनाच कमी दिसलं होतं, आणि 7,500 च्या पुढे फारसा फरक पडत नव्हता. सत्तरीतली आजी 5,000 पावलं चालून आली आणि मोबाइलनं तिला ‘लक्ष्य अपूर्ण’ म्हणून सुनावलं, तर ते ॲप काढून टाकण्यात तिचं काय चुकलं?

लोक टिकतात ते कशानं, याचं उत्तर मला मुंबईत सापडतं. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 साली सुरू केलेल्या ‘अरमान’ संस्थेची ‘एम-मित्र’ ही सेवा गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना फोनवर छोटे संदेश ऐकवते. भाषा तिची, फोन कधी यावा ती वेळही तिनंच निवडलेली. साधा फोन पुरतो. तरी काही जणी हळूहळू ऐकणं सोडतात. घरात फोन एकच असतो आणि तो नवऱ्याबरोबर कामावर जातो. बाळ रडत असतं. ठरलेली वेळच गैरसोयीची होऊन बसते. यात आळस कुठे आहे?

संस्थेनं गूगलच्या संशोधकांच्या मदतीनं, कोणत्या बाईला आत्ता फोन केला तर उपयोग होईल, हे संगणकाकडून ताडून घेतलं. सुमारे 23,000 जणींवर सात आठवडे हे करून पाहिलं. निवडलेल्या बाईला संस्थेतलं माणूस स्वतः फोन करायचं, अडचण विचारायचं. त्या गटात ऐकण्यातली गळती सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली. नुसते ओळीनं फोन केलेल्या गटात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. सगळ्यांना सरसकट केलेली विचारपूस रिवाजापुरती उरते. जिची गरज आहे तिच्यापर्यंत ती वेळेवर पोचावी लागते.

असंच गणित वापरून माणसाला पडद्याला खिळवून ठेवता येतं. एक दिवस चुकला की ‘तुमची साखळी तुटली’ असं डिवचणाऱ्या सूचना तेच करतात. आजारी माणसाला, बाळंतिणीला, दोन पाळ्यांत राबणाऱ्याला अशी लाज देणं मला नैतिकदृष्ट्या चूक वाटतं. चालण्याची सवय लागल्यावर कुणी ॲप बाजूला ठेवलं, तर ते त्या ॲपचं यश मानावं, एवढा मोठेपणा ते बनवणाऱ्यांनी दाखवायला हवा.

तुमच्या घरात कुणी अशा नोंदी ठेवायचं सोडलं असेल, तर या आठवड्यात त्यांना बोल लावू नका. का सोडलं ते विचारा, उत्तर पुरतं ऐकून घ्या, आणि जमलं तर संध्याकाळी त्यांच्याबरोबर, त्यांच्या चालीनं, एक फेरी मारून या.