प्लूटोला काय म्हणायचं?



आजचं वाचन छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातलं. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो की मातीची भांडी कितीही प्रकारची असोत, खरी ती माती. वेगवेगळी नावं बोलण्यापुरती. वाचताना मला प्लूटो आठवला.

जानेवारी २००६ मध्ये न्यू होरायझन्स यान निघालं, तेव्हा ते नवव्या ग्रहाकडे चाललं होतं. त्याच ऑगस्टमध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून ग्रहाची व्याख्या ठरवली. सूर्याभोवती फिरणं आणि गोल असणं प्लूटोला जमत होतं. आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करणं, ही अट जमली नाही. जुलै २०१५ मध्ये यान पोचलं ते एका बटुग्रहापाशी. मधल्या काळात बदललं होतं ते आपलं रजिस्टर. (बटु म्हटलं की आपल्याला वामन आठवतो, त्यामुळे मला तरी यात अपमान दिसत नाही!)

सेरेस १८०१ मध्ये सापडला तेव्हा ग्रह, नंतर लघुग्रह, आता बटुग्रह. आपल्या नवग्रहांत तर सूर्यही ग्रह आहे. म्हणून वर्गवारी फालतू ठरत नाही. २००५ मध्ये प्लूटोच्याच तोडीचा एरिस सापडल्यावर काहीतरी ठरवणं भागच होतं.

पण मग टोचतो तो प्रश्न असा: नावं बोलण्यापुरतीच असतील, तर आपण रोज नाम का घेतो?

प्रागमध्ये वर्ग बदलला, नाव नाही. 'प्लूटो' हे नाव १९३० मध्ये ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने सुचवलं होतं. त्याचा चंद्र शॅरन १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टींना सापडला. नाव ठेवताना बायकोचं 'शार' हे लाडाचं नाव त्यांच्या मनात होतं. शॅरन एवढा मोठा आहे की दोघं मिळून प्लूटोच्या बाहेरच्या एका बिंदूभोवती फिरतात, त्यामुळे त्याला 'चंद्र' म्हणावं का यावरही वाद आहे. नावावर मात्र नाही. वर्ग हा कप्पा आहे, नाव ही हाक. हा भेद उद्दालकाचा नाही, माझा आहे. पटला नाही तर जरूर भांडा.

ऑफिसात आपल्यालाही दरवर्षी रेटिंग मिळतं. पगारवाढ त्यावर ठरते, म्हणजे ते खोटं नाही. पण आईचा फोन येतो तेव्हा ती त्या आकड्याने हाक मारत नाही. प्लूटोलाही २००६ च्या सप्टेंबरात एक क्रमांक मिळाला, १३४३४०. कुणाच्या तोंडी ऐकलाय?