प्रमेहाचे पूर्वरूप आणि एकादशीचे ताट



नरदेह दुर्लभ आहे हे वाक्य आपण प्रत्येक कीर्तनात ऐकतो आणि मान डोलावतो. पण दुर्लभ वस्तू जपावी लागते, हा त्या वाक्याचा उत्तरार्ध आपण फडातच ठेवून घरी येतो. वारकऱ्याच्या घरी सोने-नाणे नसेल. पण त्याच्यापाशी तीन गोष्टी असतात. वाट चालायला पाय, नाम घ्यायला गळा आणि विटेवरचे सावळे रूप पाहायला डोळे. मधुमेह नावाचा चोर यांतल्या दोहोंवर नेमका डल्ला मारतो. डोळ्याचा पडदा तो आतून नासवतो, आणि तळपायाची जाणीव अशी हळूहळू नेतो की काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही निरूपणाला हा विषय घेतला आहे. कुणी म्हणेल, महाराजांनी हे वैद्याचे काम का घ्यावे? त्यास आमचे उत्तर असे की, ज्या पायांनी पंढरी गाठायची त्या पायांची काळजी हा परमार्थाबाहेरचा विषय नव्हे.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपल्या शास्त्रकारांनी या रोगाला प्रमेह म्हटले व त्याच्या एका प्रकारास मधुमेह म्हटले. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी पाहून ठेवले होते. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी प्रमेहाचे पूर्वरूप वेगळे सांगितले. रोग घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर उभा राहतो, त्या अवस्थेला पूर्वरूप म्हणतात. हातापायांची आग, तहान, तोंडाला गोडी, आळस, अशी लक्षणे त्यांनी नोंदवली. आजचे डॉक्टर याच उंबऱ्यावरच्या अवस्थेला प्रीडायबेटिस म्हणतात. फरक इतकाच की आज ती ओळखायला आग होण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि पाहूही नये. कारण बहुतेकांना या अवस्थेत काहीच जाणवत नाही. रक्त तपासले की कळते. उपाशीपोटी साखर 100 ते 125 आली, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी 5.7 ते 6.4 आली, तर पाहुणा उंबऱ्यावर आहे असे समजावे. 126 किंवा 6.5 आणि त्यापुढे गेली, आणि फेरतपासणीतही तसेच आले, तर तो घरात शिरला.

असे उंबऱ्यावरचे लोक थोडेथोडके नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या देशात मधुमेही सुमारे 10 कोटी आणि पूर्वावस्थेतले सुमारे 13 कोटी 60 लाख असा अंदाज आला. म्हणजे आत शिरलेल्यांपेक्षा दारात उभे असलेले जास्त. हे भयाचे कारण आहे तसे आशेचेही आहे. दारातला पाहुणा परतवता येतो.

परतवता येतो हे आम्ही श्रद्धेने म्हणत नाही, प्रमाणाने म्हणतो. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांवर झालेल्या व 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांनी वजन थोडे उतरवले आणि आठवड्यास 150 मिनिटे चालणे ठेवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. औषध घेणाऱ्यांत ते 31 टक्क्यांनी घटले. आपल्याकडे चेन्नईच्या वैद्यांनी 2006 साली असाच प्रयोग मांडला, त्यात आहार-विहाराने सुमारे 28 टक्क्यांची घट दिसली. आपली माणसे अंगाने बारीक असली तरी या रोगाकडे लवकर झुकतात, म्हणून आपल्याला यत्न अधिक केला पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ.

आता कारणांकडे वळू. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना पहिल्याने बसण्याचे सुख आणि झोपेचे सुख ही दोन सांगितली. मग दही-दुधाचा अतिरेक, नवे धान्य आणि गुळापासून केलेले पदार्थ. रोगाचे मूळ ताटाआधी आसनात सांगणारा हा ऋषी आजच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून राहणाऱ्याला, मोटारसायकलीवरून शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्याला ओळखत होता की काय, असे वाटते!

आणि उपाय? सुश्रुताचार्यांनी सांगितलेला उपाय ऐकताना वारकऱ्याच्या अंगावर रोमांच उठावेत. ते म्हणतात की, प्रमेही मनुष्य निर्धन असेल तर त्याने पायांत वहाण न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून, मुनीसारखा मन आवरून शंभर योजने वा त्याहून अधिक चालत जावे. धनवान असेल त्याने सावे, नीवार अशा तृणधान्यांवर राहावे, आवळ्या-कवठासारखी फळे खावी. कुणी शेत नांगरावे, कुणी विहीर खणावी. सज्जनहो, एका गावी एक मुक्काम, मिळेल ते अन्न, रोज पायी वाटचाल आणि मनाचा संयम; याला आपण काय म्हणतो? वारी म्हणतो! मुक्ताईची पालखी बीडमधून जाते, शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते, त्या वाटेवर आपल्या डोळ्यांदेखत सुश्रुताची चिकित्सा चालत असते.

पण येथे एक विवेक ठेवला पाहिजे. सुश्रुतांनी अनवाणी म्हटले म्हणून ज्याचा मधुमेह जुना आहे, ज्याच्या तळपायाला बधिरता आली आहे, त्याने अनवाणी चालू नये. त्याला खडा टोचलेला कळणार नाही, जखम चिघळेल आणि पाय गमवायची पाळी येईल. त्याने मऊ वहाण घालावी, रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. देव वहाण पाहत नाही.

दुसरा विवेक असा की, आळंदीहून पंढरीची वाट सुमारे 250 किलोमीटर. ती आपण वीस-एकवीस दिवसांत चालतो आणि एसटीने परत येतो. उरलेल्या 345 दिवसांचे काय? वाटेवर गावोगावचे बुंदी-शिरा खाऊन, घरी येऊन बाजेवर बसलो, तर वीस दिवसांची पुण्याई शरीर किती दिवस सांभाळील? नित्याची वारी पाहिजे. सकाळी देवळापर्यंत अर्धा तास, आणि रात्री जेवून हरिपाठ म्हणत अंगणात पंधरा-वीस मिनिटे. जेवणानंतर चालले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. त्याला गोळी लागत नाही.

आता पूर्वपक्ष घेऊ. लोक आम्हांला जे प्रश्न विचारतात ते एकेक मांडतो.

पहिला पूर्वपक्ष: आम्ही सडपातळ, आम्हांला कसला मधुमेह? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांत वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले की, आपल्याकडची बाळे वजनाने लहान जन्मतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. गर्भातच ज्याची उपासमार झाली त्याचे शरीर टंचाईचा हिशेब शिकून येते. पुढे त्याला सुकाळ लाभला की तो हिशेब चुकतो. आपला जिल्हा तर दुष्काळाचा. 1972 चा दुष्काळ ज्यांच्या आईने खडी फोडून काढला, ते आज पन्नाशी ओलांडलेले आहेत. त्यांनी तरी अंगकाठीवर विसंबू नये. तिशीनंतर प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी. ती तपासणी सरकारने विनामूल्य ठेवली आहे.

दुसरा पूर्वपक्ष: आम्ही साखर सोडली, गुळाचा चहा घेतो. अहो, ऊस एकच! आपल्या जिल्ह्याची माणसे दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊस तोडायला गावोगाव जातात, त्यांना विचारा, गूळ आणि साखर कुठल्या दोन वेगळ्या झाडांना लागतात का? गुळात थोडी खनिजे असतील, पण साखरेच्या बाबतीत रक्त भेदभाव करीत नाही. हिशेब करून पाहा. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, चमच्याला सुमारे 5 ग्रॅम. झाले 60 ग्रॅम. वर्षाची साखर सुमारे 22 किलो, ती निव्वळ चहातून. आणि हे सारे कशासाठी? तर नाही म्हटले तर यजमानाला वाईट वाटेल! आम्ही कीर्तनाला जातो तेथे पहिल्याने सांगून ठेवतो, चहा असेल तर बिनसाखरेचा, नाही तर पाणी. चार गावांना नवल वाटले. पाचव्या गावी चार म्हातारे आमच्याबरोबर बिनसाखरेचा घ्यायला लागले.

तिसरा पूर्वपक्ष हा मुख्य आहे: आम्ही एकादशी करतो, उपवासाने रोग जाईलच. येथे आमच्या मनाला खरी व्यथा होते. पाटोदा तालुक्यातील एका गावी सप्ताहात विण्यावर उभे राहणाऱ्या एका वृद्धाने आम्हांला विचारले, “महाराज, डॉक्टर म्हणतेत साखर दारात आलीय. मंग आता एकादशी सोडू का?” आम्ही विचारले, “बाबा, एकादशीला खाता काय?” ते म्हणाले, “सकाळी खिचडी, दुपारी भगर, संध्याकाळी रताळं नाही तर केळी, आन् मधी राजगिऱ्याचा लाडू.” आम्ही म्हटले, “बाबा, तुम्ही एकादशी धरलीच कुठे, की सोडता? ती धरा!”

एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपल्या आजीबाईंनी उगाच केली नाही. साबुदाणा हे काय आहे ते नीट समजून घ्या. तो कसाव्याच्या कंदाचा निव्वळ पिठूळ अंश; शंभर ग्रॅमला सुमारे 88 ग्रॅम पिष्ट, आणि प्रथिन जवळजवळ शून्य. कसावा हे झाड दक्षिण अमेरिकेतले, पोर्तुगीजांमागून ते केरळात आले, आणि तमिळनाडूतील सेलमच्या बाजूला साबुदाण्याचे कारखाने 1940 नंतर निघाले. बटाटाही समुद्रापलीकडचाच. तात्पर्य, ज्ञानोबारायांच्या एकादशीच्या ताटात या दोन्हींतले काहीच नव्हते. ज्या पदार्थाला संतांनी पाहिले नाही, त्याला आपण व्रताचे अंग करून बसलो आहोत! व्रत म्हणजे इंद्रियांना आवरणे. ताटात धान्याऐवजी कंद घातल्याने इंद्रिय आवरले जात नाही.

त्या वृद्धास आम्ही सांगितले ते येथे लिहितो. एकादशीला पाणी आणि पातळ ताक भरपूर घ्यावे. अगदीच राहवेना तर मूठभर भाजलेले शेंगदाणे, एखादा पेरू, थोडी भगर आमटीबरोबर. साबुदाणा, बटाटा, लाडू नाही. मात्र जो साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतो त्याने वैद्याला विचारल्याशिवाय निराहार राहू नये. साखर एकाएकी उतरून माणूस वाटेत कोसळतो. गर्भवती, लेकुरवाळी आणि मुले यांनीही हट्टाचा उपवास करू नये.

चौथा पूर्वपक्ष: प्रसाद कसा नाकारावा? नाकारू नये. पण प्रसादाचे माप भक्तीने ठरते, द्रोणाने ठरत नाही. कणभर प्रसादाने जर कृपा होत नसेल तर पाच लाडवांनी होईल असे कोणत्या ग्रंथात आहे? सप्ताहाच्या पंक्तीत बुंदीऐवजी उसळ, आमटी, भाकरी, पालेभाजी वाढली तर काल्याला काही उणे येत नाही. काला म्हणजे लाह्या आणि दही. तो द्रोणभर असावा, घमेलेभर नसावा.

पाचवा पूर्वपक्ष: प्रारब्धात असेल ते होईल. प्रारब्ध खरे, पण पाय घसरला म्हणजे माणूस आधार धरतो, तेथे प्रारब्धाचे नाव घेत नाही. मग ताटापुढेच ते का आठवावे?

आता रोजच्या ताटाची गोष्ट. आपल्या देशात पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के पिष्ट पदार्थांचे असतात असे आयुर्विज्ञान परिषदेच्याच पाहणीत आढळले. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, साखर, सारे एकाच कुळातले. ज्वारी-बाजरी आपल्या बालाघाटाचे वैभव खरे, मैद्याहून आणि पांढऱ्या भाताहून बरी. पण भाकरी हे औषध नव्हे, चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. म्हणून चाराच्या दोन कराव्या, आणि रिकाम्या जागेत मटकी-हरभऱ्याची उसळ, पिठलं, अंबाडी, तांदुळजा, मेथी, काकडी, ताक, जवस-कारळ्याची चटणी आणावी. आधी भाजी-उसळ, शेवटी भाकरी, असा क्रम ठेवला तर साखर सावकाश चढते. सीताफळ आपल्या बीडचे नाक. त्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. खावे, पण अर्धे खावे, आणि त्या वेळी एक भाकरी कमी करावी.

शेजारच्या लातूरला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत असता डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, नागपूरच्या कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराला धरून, खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपावे आणि रोज 45 मिनिटे चालावे असा प्रचार गावोगाव केला. सर्व वैद्यांना तो मान्य नाही, आणि रोगी माणसाने स्वतःच्या वैद्याच्या सल्ल्यानेच तसे करावे. पण दिवसभर तोंड चालू ठेवू नये, एवढा त्यातला भाग कुणासही पटेल. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यालाही योग नाही आणि अगदी न खाणाऱ्यालाही नाही असे सांगितले, ते मध्यावरचे स्थान हेच.

त्या विणेकरी बाबांची तपासणी पाच महिन्यांनी पुन्हा झाली. 6.2 होती ती 5.8 आली. पाहुणा अजून अंगणात आहे, पण उंबऱ्यावरून खाली उतरला. बाबा म्हणाले, “महाराज, साखर कमी झाली ते राहू द्या, एकादशीला दुपारी झोप येत हुती, ती येईना झाली. जप पुरा हुतोय.” सज्जनहो, आम्हांला या वाक्याचे मोल आकड्यांहून अधिक वाटते. उपवासाचे फळ रक्तात दिसावे हे ठीकच. पण ते नामात दिसले म्हणजे एकादशी पावली.

म्हणून येत्या एकादशीला एवढेच करावे. सकाळी चूल पेटवण्याआधी स्वतःला विचारावे की आज मी व्रत धरणार आहे की पदार्थ बदलणार आहे? आणि त्याच आठवड्यात, लाज न धरता, बोटातून रक्ताचा एक थेंब तपासणीला द्यावा. पाय शाबूत राहिले तर वाट आहे, डोळे शाबूत राहिले तर दर्शन आहे. ही ठेव त्याची आहे. ती त्याच्या दारापर्यंत धड पोचवणे आपले काम.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल. रामकृष्णहरि.