छाती दाबायला डिग्री लागत नाही

खाली बसा. मागच्या बाकावरचेसुद्धा. आज पुस्तक उघडायचं नाही.

सोमवारी संध्याकाळी जतच्या एसटी स्टँडवर एक मनुष्य कोसळला. पन्नाशीचा, संखकडचा शेतकरी. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे हजर होते. माझ्याकडे कुणी चुगली केलेली नाही. तुम्हीच काढलेल्या व्हिडिओत तुमचे आवाज आहेत आणि तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला आहे. एकाने त्या माणसाच्या नाकाला कांदा लावला. दुसऱ्याने पायातली चप्पल काढून हुंगायला धरली. तिसऱ्याने मुठीत किल्ली कोंबली. एकजण तर तोंडात पाणी ओतत होता. उरलेल्यांनी मोबाईल वर केले. मग गर्दी सारून एक सिस्टर पुढे आल्या, गुडघे टेकले आणि छाती दाबायला लागल्या. तेव्हा तुमच्यातलाच एकजण ओरडला, "ओ बाई, नका दाबू, बरगड्या मोडतील त्याच्या!" त्या थांबल्या नाहीत. १०८ ची गाडी येईपर्यंत एकट्या दाबत राहिल्या. गाडीतल्या डॉक्टरांनी यंत्राने झटका दिला, नाडी लागली, माणूस मिरजेला पोहोचला आणि वाचला.

रात्री तुमच्या ग्रुपवर काय फिरत होतं? 'देव तारी त्याला कोण मारी.' लाज वाटायला हवी. त्याला दोन हातांनी तारलं आणि त्यातला एकही हात तुमचा नव्हता. रक्ताभिसरणाची आकृती रंगवून पैकीच्या पैकी मार्क घेणारी पोरं तुम्ही. डावी जवनिका कुठे, उजवं अलिंद कुठे, सगळं पाठ. आणि खरं हृदय पायाशी थांबलेलं असताना तुम्हाला चप्पल आठवली?

आता नीट ऐका. हे पुन्हा सांगायची वेळ माझ्यावर आणू नका.

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छाती आवळल्यासारखी वाटते, घाम फुटतो. त्यातूनच कधी हृदयाची लय बिघडते आणि ते नुसतं थरथरायला लागतं. बोअरची मोटर घरघरते पण पाणी चढत नाही, तशी गत. रक्त पुढे सरकत नाही, मेंदूला प्राणवायू मिळत नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात. काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते.

तुम्ही म्हणालात, "सर, तो श्वास घेत होता, फीट आल्यासारखा झटके देत होता." तो श्वास नव्हता. ते आचके होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस असे आचके देऊ शकतो, हातपायही थोडा वेळ झटकू शकतात. लोक फसतात ते इथेच. खांदे हलवून हाक मारली तरी ओ देत नाही आणि श्वास नेहमीसारखा चालत नाही, एवढं दिसलं की हृदय बंद आहे असं धरायचं. नाडी शोधत बसायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ली यांनी फीटसुद्धा थांबत नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडातलं पाणी त्याच्या श्वासनलिकेत जातं. हे उपचार आजपासून बंद.

मग करायचं काय? एकाने १०८ ला फोन लावून स्पीकर सुरू ठेवायचा. दुसऱ्याने माणसाला कठीण जमिनीवर उताणं झोपवायचं, छातीच्या मधोमध हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ. खांद्यातून जोर. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर आली पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडाने श्वास द्यायला शिकला नसाल तर नुसती छाती दाबा. आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी हीच पद्धत ठरवून दिली आहे. शेततळ्यात किंवा विहिरीत बुडालेल्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याचा प्राणवायू आधीच संपलेला असतो, त्याला श्वासही द्यावे लागतात आणि तेही शिकावं लागतं. मोटरच्या वायरीला चिकटलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा, नाहीतर एकाच्या जागी दोघे जातात.

आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. कितीही ताकदीचा गडी असला तरी तेवढ्यात दमतो आणि दाब उथळ होत जातो. सिस्टर घामाने निथळत होत्या. त्यांच्याभोवती तुमच्यासारखी तरणीबांड पोरं उभी होती आणि एकानेही "सिस्टर, सरका, मी दाबतो" म्हटलं नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा आला आहे. कसं करायचं ते तुमच्यासमोर दिसत होतं. नुसतं बघून दोन मिनिटं करायचं होतं.

बरगडी मोडेल म्हणता? मोडते कधी कधी. नीट दाबतानाही मोडते. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत जुळते. मेलेल्या माणसाची शाबूत बरगडी काय कामाची? पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणता? रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४-अ मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलं. त्याआधी, २०१६ साली, सर्वोच्च न्यायालयानेही तसाच आदेश दिला होता. बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी, त्याची संमती घेणं शक्य नसताना, सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० सांभाळून घेतं. जुन्या दंड संहितेत तेच कलम ९२ होतं. कायदा तुमच्या बाजूने आहे. कायद्याचं नाव घेऊन आपली भीती झाकू नका.

आणखी एक गोष्ट मुलगे चोरून बोलतात, ती मीच उघड बोलतो. बाई कोसळली तर तिच्या छातीला हात कसा लावायचा? अशा संकोचामुळे जगभर बायकांना ही मदत पुरुषांपेक्षा कमी मिळते. उद्या तुमची आई बाजारात कोसळली आणि चार पुरुष लाजून उभे राहिले, तर चालेल तुम्हाला? हृदय थांबलं की स्त्री-पुरुष भेद उरत नाही. मुलींनो, तुम्हीही कुणा पुरुषाची वाट बघायची नाही. सोमवारी पुढे आली ती बाईच होती.

आता छाती दाबण्याच्या पुढची पायरी. दाबल्याने मेंदूला थोडंफार रक्त मिळत राहतं, वेळ हातात राहतो. थरथरणारं हृदय ताळ्यावर आणायला मात्र विजेचा झटकाच लागतो. त्या झटक्याने गोंधळलेली हालचाल क्षणभर थांबते आणि हृदयाला आपली लय पुन्हा धरायची संधी मिळते. १९४७ साली क्लॉड बेक या शल्यविशारदांनी १४ वर्षांच्या मुलाचं हृदय शस्त्रक्रियेच्या टेबलावर असं परत आणलं. १९६५ साली बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी असा झटका देणारं यंत्र रुग्णवाहिकेत चढवलं, तेव्हा त्याचं वजन ७० किलोच्या आसपास होतं. आज एईडी नावाचं यंत्र तुमच्या दप्तरापेक्षा हलकं आहे. ते बोलून सांगतं: पट्ट्या इथे चिकटवा, आता कोणी हात लावू नका, आता दाबा. हृदयाची लय ते स्वतः तपासतं आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. ते वापरायला डॉक्टर असावं लागत नाही.

अभिनेता श्रेयस तळपदे तुम्हाला माहीत आहे. १४ डिसेंबर २०२३ ला मुंबईत त्याला अटॅक आला आणि हृदय थांबलं. छाती दाबून आणि विजेचे झटके देऊन आपल्याला परत आणलं, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला भर सामन्यात मैदानावर पडला. तिथेच छाती दाबली, तिथेच झटका दिला, आणि काही महिन्यांत तो पुन्हा खेळायला लागला. त्याच डेन्मार्कने २००५ पासून हे शिक्षण शाळेत सक्तीचं केलं आणि २००६ पासून वाहन परवान्यालाही जोडलं. २००१ मध्ये तिथे हृदय बंद पडलेल्या २१ टक्के लोकांची छाती जवळच्या माणसांनी दाबली होती. २०१० मध्ये ते प्रमाण ४५ टक्क्यांवर गेलं, आणि महिनाभर जगणाऱ्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास ११ टक्क्यांवर गेलं. आपल्या सीमेपलीकडचे कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. इथल्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने हृदयरुग्णांसाठी योजना काढली. आपण काय केलं? स्टेटस ठेवलं.

आपला तालुका केवढा पसरलेला आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. उमदी कुठे, बिळूर कुठे, डफळापूर कुठे. वस्त्या रानात विखुरलेल्या. मिरज-सांगलीचं मोठं रुग्णालय गाठायला दीड-दोन तास मोडतात. १०८ ची गाडी कितीही धावली तरी चार मिनिटांत प्रत्येक वस्तीवर पोहोचणार नाही. पुण्या-मुंबईत एखादा 'डॉक्टर येतील' म्हणून थांबला तर एक वेळ समजून घेईन. जतमध्ये थांबणं म्हणजे त्या माणसाला मरू देणं. इथे पहिली दहा मिनिटं डॉक्टर तुम्हीच आहात.

तेव्हा माझा हुकूम ऐका. शनिवारी शाळा सुटल्यावर कोणी घरी जायचं नाही. मैदानावर डॉक्टर येणार आहेत, पुतळ्यावर सराव करवून घेणार आहेत. छाती किती खाली जाते ते प्रत्येकाने आपल्या हाताने अनुभवल्याशिवाय सुट्टी नाही. प्रत्येकाने घरातल्या आणि शेजारच्या दोघांना शिकवायचं आणि पुढच्या सोमवारी त्यांना माझ्यासमोर उभं करायचं. यात्रेला, गणपतीला डीजेसाठी पैसे काढणाऱ्या मंडळांत तुमचेच भाऊ आहेत. एक एईडी साधारण लाखाच्या आसपास येतं. एसटी स्टँडवर एक, यल्लम्माच्या यात्रेत एक, गुड्डापूरला दानम्मा देवीच्या देवळात एक, एवढं मागायचं धाडस करा. मागणीच्या पत्रावर पहिली सही माझी असेल.

आणि तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी काढून टाकायचा. एका माणसाची जगण्यासाठीची धडपड ही तुमची करमणूक नाही. पुन्हा कुणी पडला आणि तुमचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला, तर तो फक्त १०८ लावण्यासाठी जाईल. त्यानंतर दोन्ही हात त्याच्या छातीवर. यात कसूर झाली तर मी माफ करणार नाही.